वाचकांचे प्रश्न : टायमिंग बेल्ट आणि गळणारी ऑइल सील

प्रश्न : माझ्याकडे 2007 सालची, 800 सीसी इंजिनाची मारुती ऑल्टो आहे. ती मी 2013 मध्ये जुनी म्हणून विकत घेतली. आजवर ती जेमतेम 58,000 किलोमीटर चालली असून टायमिंग बेल्ट बदलल्याची कोणतीही नोंद माझ्याकडे नाही. गेल्या पावसाळ्यापासून इंजिनाच्या पट्ट्याच्या बाजूने ऑइल झिरपते आणि सकाळी अंगणात रुपयाएवढा डाग दिसतो. ऑइल भरण्याच्या झाकणाला आतून पिवळसर, लोण्यासारखा थर धरतो. आम्ही दिवाडी बेटावर राहतो. गाडी गॅरेजमध्ये न्यायची म्हणजे फेरीबोटीच्या रांगेपासून सुरुवात. माझ्या भाच्याकडे अवजारे आहेत आणि त्याला या कामाची आवडही आहे. पट्टा आणि सील आम्हांला चवथीपूर्वी घरीच बदलता येतील काय?
— एक वाचक, दिवाडी

उत्तर : घरी बदलता येतील, चवथीपूर्वी मात्र नव्हे. ज्याला तारीख गाठायची आहे त्याने हे काम हाती घेऊ नये, असे मी स्पष्टच सांगतो. एकीकडे माटोळीचे (गणपतीवर फळेफुले टांगायच्या चौकटीचे) सामान आणायची घाई आणि दुसरीकडे उघडे इंजिन, हे जमत नाही. पट्टा उतरल्यावर नवे सील, म्हणजे शाफ्टभोवती ऑइल अडवणारे रबरी कडे, एक मिलिमीटरने मोठे निघाले, तर ते बदलून आणण्यासाठी नदी ओलांडावी लागेल आणि तोवर गाडी जागची हलणार नाही. पुरते दोन दिवस हाताशी ठेवा. तोपर्यंत ही गाडी शक्य तितकी कमी चालवा, कारण आपण वर्णन केलेली गळती पट्ट्याच्या झाकणाच्या आतली असेल, तर पट्टा ऑइलमध्ये भिजत आहे.

पट्ट्याचे काम काय, हे भाच्याला आधी नीट समजावून सांगावे. पिस्टनांनी फिरणाऱ्या क्रँकशाफ्टच्या दर दोन फेऱ्यांना व्हॉल्व्ह (इंजिनाच्या झडपा) उघडणाऱ्या कॅमशाफ्टची एक फेरी व्हावी आणि ती नेमक्या क्षणी व्हावी, एवढ्यासाठी हा दातेरी रबरी पट्टा असतो. इंजिन मिनिटाला 3000 फेऱ्या घेत असेल तेव्हा कॅमशाफ्ट 1500 फेऱ्या घेतो, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो आणि मिटतो. पट्टा तुटला की कॅमशाफ्ट असेल तिथे थांबतो, पण चाकांच्या जोराने पिस्टन मात्र वरखाली होतच राहतात. काही इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन यांना एकमेकांपासून वेगळे राहण्याइतकी जागा असते; तिथे गाडी नुसती बंद पडते. पुष्कळ इंजिनांत ती जागा नसते; तिथे व्हॉल्व्ह वाकतात, इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड उतरवावे लागते आणि पट्ट्याच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च होतो. आपले इंजिन पहिल्या जातीचे आहे असे कोणी छातीठोकपणे सांगितले, तरी काम करताना ते दुसऱ्या जातीचे आहे असे मानूनच हात चालवावा.

आपल्या पत्रातील ‘जेमतेम’ हा शब्द मला खटकला. मीटरवरचा आकडा कमी आहे म्हणून पट्टा तरुण आहे, असा समज गोव्यात सर्रास आढळतो आणि त्याचे कारण उघड आहे. आपले अवघे राज्य 3,702 चौरस किलोमीटरचे. घर ते कचेरी, घर ते बाजार, एवढ्यात किलोमीटर चढणार तरी किती? रबराला मात्र वर्षे मोजता येतात. इंजिनाच्या उष्णतेने ते हळूहळू कडक होते, दातांच्या मुळाशी बारीक भेगा पडतात आणि गाडी उभी असली तरी हे थांबत नाही. म्हणूनच कंपनीच्या पुस्तिकेत बहुधा किलोमीटर आणि वर्षे असे दोन्ही आकडे दिलेले असतात आणि त्यांपैकी जो आधी येईल तो धरायचा असतो. 2007 चा पट्टा अजून त्याच गाडीत असेल, तर तो न तुटता चालला हे आपले नशीब.

आता त्या लोण्यासारख्या थराकडे वळतो, कारण माझ्या मते आपल्या प्रश्नाचे खरे मूळ तिथे आहे. इंधन जळताना पाण्याची वाफ होते आणि तिचा थोडा अंश पिस्टनच्या कडेने खाली ऑइलच्या कोठीत उतरतो. इंजिन पुरेसे तापले तर ती वाफ उडून जाते. बेटावरची गाडी घरापासून धक्क्यापर्यंत जाते, रांगेत बंद होते, पलीकडे उतरून आणखी थोडी चालते आणि पुन्हा बंद होते. म्हणजे ऑइल नीट तापतच नाही, आणि त्यात आपल्याकडची पावसाळी हवा. पाणी आणि ऑइल घुसळून तो पिवळा थर होतो. हाच थर इंजिनातील वाफा परत आत खेचून घेणाऱ्या नळीत आणि तिच्या व्हॉल्व्हमध्ये, ज्याला मेकॅनिक पीसीव्ही व्हॉल्व्ह म्हणतात, जाऊन बसतो. ती वाट तुंबली की कोठीतील दाब वाढतो आणि तो दाब सर्वांत कमकुवत जागा शोधतो. वय झालेले ऑइल सील ही ती जागा होय. ही वाट साफ न करता नवी सील बसवली, तर तीही फार दिवस कोरडी राहणार नाहीत. तेव्हा पट्ट्याला हात लावण्यापूर्वी पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवून पाहा. आतला तुकडा खुळखुळला पाहिजे. नळ्या धुऊन घ्या, चिरलेल्या असतील तर बदला. काम झाल्यावर ऑइल आणि फिल्टर बदला आणि महिन्यातून एकदा तरी गाडी फोंड्यापर्यंत किंवा म्हापशापर्यंत सलग चालवा. इतक्या प्रवासानंतरही थर पुन्हापुन्हा धरला आणि रेडिएटरमधील पाणी कमी होत गेले, तर मात्र हेड गॅस्केटची (हेडखालच्या सांधपट्टीची) तपासणी करून घ्यावी. ते निराळे दुखणे आहे.

आणखी एक खात्री आधीच करावी. ऑइल नेहमी खाली ओघळते आणि वाऱ्याने मागे पसरते, त्यामुळे डाग जिथे दिसतो तिथेच गळती असते असे नाही. वरच्या टॅपेट कव्हरचे, म्हणजे व्हॉल्व्हवरच्या झाकणाचे, गॅस्केट गळत असले तरी सगळी बाजू ओली होते आणि सील नाहक बदनाम होते. इंजिन पुसून कोरडे करा, दोन दिवस चालवा आणि वरून खाली पाहत या.

अंगण जांभ्याचे किंवा मातीचे असेल, तर जॅक आणि स्टँड यांच्याखाली जाड फळ्या घालाव्यात; पावसाळ्यात वरून टणक दिसणारी जमीन स्टँडच्या पायाखाली हळूच खचते. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली क्षणभरही हात घालू नये. इंजिन पूर्ण थंड असावे आणि बॅटरीची ऋण तार काढलेली असावी. अवजारांत सॉकेटचा संच, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराइतकाच बोल्ट आवळू देणारा पाना) आणि आपल्याच मॉडेलची दुरुस्ती पुस्तिका या तीन गोष्टींना पर्याय नाही. बोल्ट किती आवळायचा याचा आकडा पुस्तिकेतून घ्यावा, मनगटाच्या अंदाजातून नव्हे. नवा पट्टा विकत घेताना वेष्टनावरचा भाग क्रमांक पडताळावा आणि घरी आल्यावर जुन्या पट्ट्याशेजारी ठेवून दात मोजावेत. पट्टा दुमडू नये, उलटा करू नये, खिळ्याला टांगू नये. आतले काचतंतू तुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पट्टा ताणून धरणारे चाक, म्हणजे टेन्शनर, पट्ट्याबरोबरच बदलावा. तो हाताने फिरवताना खरखर लागली तर विचारच करू नका.

चाक, आतले मडगार्डचे आवरण, फॅन बेल्ट आणि एसीचा पट्टा निघाल्यावर पहिला अडथळा येतो तो क्रँक पुलीचा बोल्ट. समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या हवेने तो पुष्कळदा जखडलेला असतो. आदल्या रात्री त्याला गंज सोडवणारे तेल लावून ठेवावे. दुसऱ्या दिवशी भाच्याने गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकून ब्रेक घट्ट दाबून धरावा आणि आपण लांब दांड्याने बोल्ट सोडवावा. पाना अडकवून सेल्फ मारण्याची एक युक्ती गॅरेजांतून चालते. त्या पान्याने फुटलेली बॅटरी मी डोळ्यांनी पाहिली आहे, बोटाचे नशीब त्या दिवशी चांगले होते एवढेच. इंजिनाची बैठक पट्ट्याच्या वाटेत येत असेल, तर ती सोडण्यापूर्वी ऑइलच्या कोठीखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅकने इंजिनाला नुसता आधार द्यावा, उचलू नये.

आता खुणा. या साऱ्या कामात ताकद लागते ती त्या एका बोल्टला. बाकी काम खुणांचे आहे. स्पार्क प्लग काढून घ्यावेत, म्हणजे इंजिन हलके फिरेल. मग क्रँकच्या बोल्टवर सॉकेट लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने, म्हणजे पट्ट्याच्या बाजूने समोरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, फिरवावे. (1998 साली भारतात आलेल्या पहिल्या होंडा सिटीचे इंजिन उलट दिशेने फिरत असे, म्हणून इतर गाडी असलेल्या वाचकांनी पुस्तिका पाहिल्याशिवाय हे वाक्य वापरू नये.) कॅमच्या दातेरी चाकावरची खूण हेडवरच्या खुणेसमोर आणि क्रँकच्या दातेरी चाकावरची खूण तिच्या खुणेसमोर येईपर्यंत फिरवायचे. इथे दोन घोटाळे नेहमी होतात. क्रँकची खूण प्रत्येक फेरीत जुळते, कॅमची मात्र दर दुसऱ्या फेरीत. म्हणून क्रँक जुळला आणि कॅमची खूण विरुद्ध टोकाला दिसली, तर काही बिघडलेले नसते, आणखी एक फेरी द्यायची असते. दुसरा घोटाळा अधिक वाईट आहे. बाहेरच्या पुलीवरची खाच इग्निशनचे टायमिंग पाहण्यासाठी असते. पट्ट्याची खूण तिच्या मागे, लहान दातेरी चाकावर असते आणि ती पुली काढल्यावरच नीट दिसते. खाचेलाच पट्ट्याची खूण समजून पट्टा बसवलेली गाडी ओढत आणावी लागते.

खुणा जुळल्या की ब्रशने पांढऱ्या रंगाचे ठिपके द्यावेत, मोबाइलवर समोरून, तिरके नव्हे, फोटो काढावेत आणि मगच टेन्शनर सैल करावा. पट्टा निघताच व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांच्या दाबाने कॅमशाफ्ट कधीकधी आपोआप टणकन सरकतो. दचकू नये. ज्या वाटेने तो गेला त्याच वाटेने त्याला हळूच परत आणावे. पूर्ण फेरी फिरवून आणू नये.

सील बदलायची ती दोन : कॅमशाफ्टचे आणि क्रँकशाफ्टचे पुढचे. जुने सील निघण्यापूर्वी ते किती खोल बसले आहे, हे मोजून लिहून ठेवा. पूर्वी मीच एका गाडीचे पुढचे सील स्क्रू-ड्रायव्हरने उचकटले होते आणि शाफ्टच्या चकचकीत अंगावर केसाएवढा ओरखडा पडला. नवे सील लावूनही ती गाडी दोन पावसाळे गळत राहिली. शाफ्टला काही लागू द्यायचे नाही, हाच इथला एकमेव नियम. आकडीसारख्या वाकड्या टोकाचे हत्यार सीलच्या बाहेरच्या कडेकडून घालून, टोकाला कापड गुंडाळून, थोडे इकडून थोडे तिकडून असे सील ओढावे. निघालेले सील भाच्याच्या हातात द्या आणि आतल्या ओठावर नख दाबायला सांगा. नव्या सीलवर नख रुतते. जुन्यावर ते करवंटीवर घासल्यासारखे सरकते आणि थोडे वाकवले की ओठाचा तुकडाच पडतो. गळती का होत होती, हे त्याला दहा वाक्यांनी समजणार नाही इतके त्या एका तुकड्याने समजेल.

बसण्याची जागा पुसून घ्यावी, शाफ्टला बोट फिरवून खरवड लागते का ते पाहावे. जुन्या ओठाने शाफ्टवर चर पाडली असेल, तर नवे सील, जागा मोकळी असल्यास, एखादा मिलिमीटर मागेपुढे बसवले की ओठ कोऱ्या जागेवर येतो. मात्र मागे ऑइलची वाट असेल तर ती बुजता कामा नये. साध्या रबरी सीलच्या ओठाला इंजिन ऑइलचे बोट लावावे, गोल स्प्रिंग आतल्या बाजूला असावी आणि सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढ्या सॉकेटने किंवा पाइपच्या तुकड्याने ते सरळ, चारही बाजूंनी सारखे आत जाईल असे हलक्या हाताने ठोकावे. काही नव्या सीलच्या वेष्टनावर ‘कोरडेच बसवा’ असे लिहिलेले असते. तसे असेल तर ऑइल लावू नये. दातेरी चाकांवर, पट्ट्याला किंवा आपल्या बोटांना ऑइलचा अंश राहू देऊ नका.

नवा पट्टा क्रँकच्या चाकापासून चढवावा, टेन्शनर नसलेली बाजू ताणलेली ठेवत कॅमच्या चाकावर न्यावा आणि सगळी ढिलाई टेन्शनरच्या बाजूला उरू द्यावी. पट्ट्यावर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने हवा. ही ताणलेली बाजू सैल राहिली तर टेन्शनर आवळताच खूण एक दात सरकते. एक दात म्हणजे किती? कॅमच्या चाकाला 40 दात आहेत असे धरले, तर एका दाताने कॅम 9 अंशांनी आणि क्रँक 18 अंशांनी चुकतो. गाडी सुरू होईल, पण चढावर दम टाकील आणि उभी असताना थरथरेल. स्प्रिंगचा टेन्शनर असलेल्या इंजिनांत स्प्रिंगला तिचे काम करू द्यावे, इंजिन हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवावे आणि मगच टेन्शनरचा बोल्ट पुस्तिकेतील आकड्याइतका आवळावा. बोटाने पट्टा पिळून ताण ठरवण्याची जुनी रीत मला माहीत आहे. ती अंदाजाची आहे.

त्या दोन फेऱ्या हे काम संपल्याचे प्रमाणपत्र होय. त्या फिरवताना कुठेही टणक अडथळा लागला, तर जोर लावू नका. पिस्टन व्हॉल्व्हला टेकला असण्याची शक्यता आहे. थांबा, मागे या, पट्टा काढून पुन्हा जुळवा. फेऱ्यांनंतर दोन्ही खुणा पहिल्या दिवशीच्या फोटोप्रमाणेच दिसल्या पाहिजेत. ‘जवळजवळ जुळल्या’ असे मेकॅनिक म्हणू लागला की ग्राहकाने खुर्चीवरून उठावे. खुणा जुळल्यावरच पुली, पट्टे आणि झाकणे बसवा. झाकण न लावता गाडी चालवू नका, पावसाळ्यात चिखलाचा एक खडा दातांत सापडायला पुरतो.

प्रश्न : आमच्या गाडीचे ऑइल इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथून गळते आणि अलीकडे चढावर क्लच घसरतो. पुढच्या सीलप्रमाणे हे मागचे सीलही घरी बदलावे काय?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : नाही. क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलपर्यंत पोहोचण्यासाठी गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील उतरवावे लागते आणि ते वजन अंगणात, पाठीवर झोपून पेलण्याचे नाही. त्याआधी गळणारे ऑइल कोणते आहे ते पाहा. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो. इंजिन ऑइलला तो नसतो. गिअर ऑइल असेल तर गिअरबॉक्सचे सील गेले आहे. दोन्ही बाबतींत गिअरबॉक्स उतरेलच, म्हणून त्याच वेळी क्लच प्लेट तपासून घ्या. ऑइलने भिजलेली प्लेट धुऊन पुन्हा लावू नये.

प्रश्न : माझ्या गाडीला पट्टा नसून चेन आहे असे विक्रेत्याने सांगितले. तीही ठरावीक वर्षांनी बदलावी लागते काय?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : चेनला पट्ट्यासारखी ठरलेली मुदत सहसा नसते, पण ती इंजिनाच्या ऑइलवर जगते. ऑइल वेळेवर न बदलल्यास चेन आणि तिचा टेन्शनर दोन्ही झिजतात. सकाळी थंड इंजिन सुरू करताना काही क्षण खुळखुळ ऐकू आली, तर ती तपासून घ्या. ऑल्टोतच दोन्ही प्रकार आहेत : 800 सीसीच्या इंजिनाला पट्टा, तर 2010 मध्ये आलेल्या ‘के10’ला चेन.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये टायमिंग बेल्ट बदलला. तेव्हापासून वेगाबरोबर वाढणारा शीळ घातल्यासारखा आवाज येतो. शेजाऱ्यांनी पट्ट्यावर मारायचा स्प्रे सुचवला आहे. तो मारावा काय?
— एक वाचक, वास्को

उत्तर : टायमिंग बेल्टवर कोणताही स्प्रे, ग्रीस वा पावडर लावू नये. प्रथम फॅन बेल्ट काढून इंजिन अर्धा मिनिट चालवून पाहा, त्याहून अधिक नको, कारण कित्येक गाड्यांत पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर चालतो. आवाज गेला तर दोष फॅन बेल्टचा किंवा अल्टर्नेटरच्या बेअरिंगचा. आवाज राहिला तर टायमिंग बेल्ट गरजेपेक्षा जास्त आवळला गेला असण्याचा संभव मोठा आहे. असा पट्टा टेन्शनरचे बेअरिंग लवकर खातो. सैल पट्टा शीळ घालत नाही, तो झाकणावर आपटून फटफटतो. गॅरेजमध्ये परत जा, ताण पुस्तिकेप्रमाणे जुळवून मागा आणि ते करताना खुणा पुन्हा आपल्यासमोर तपासायला सांगा.